फॉर्म सर्व्हरवर तपासताना : पिनकोड, आडनाव आणि मराठी अक्षरं

ऑनलाइन फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबलं की ब्राउझर ती माहिती रिक्वेस्ट म्हणून सर्व्हरकडे पाठवतो. माहिती साठवण्याआधी ती अपेक्षित रूपात आहे का, हे पाहणं म्हणजे व्हॅलिडेशन, अर्थात पडताळणी. ‘मोबाइल क्रमांक चुकीचा’ अशी लाल ओळ लगेच उमटते, ती बहुधा ब्राउझरमधली तपासणी. ती भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. तिच्यावर सुरक्षा सोपवता येत नाही, कारण ब्राउझर टाळून कुणीही थेट सर्व्हरला हवी ती रिक्वेस्ट पाठवू शकतो. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते.

रकाना भरलाय का, आकडा आहे की मजकूर, लांबी किती, एवढं सगळेच पाहतात. घोळ होतो तो पुढे. पिनकोड ६ अंकी, पहिला अंक शून्य नाही, हा नियम ठीक. पण ‘४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र’ असं लिहून ठेवलं की पणजीचा ४०३००१ अडकतो, कारण गोव्याचे पिनकोड ४०३ नेच सुरू होतात. माणूस राज्य ‘गोवा’ निवडतो आणि फॉर्म त्यालाच खोटं पाडतो!

तीच गत आडनावांची. डिसोझा, डिमेलो ही आडनावं रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते. एसक्यूएल इंजेक्शनच्या भीतीने ही खूणच बंद करणारे प्रोग्रामर आहेत. हा उपाय चुकीच्या जागी आहे. त्यासाठी पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरायची, म्हणजे नावातली खूण डेटाबेसला आज्ञा वाटतच नाही.

नाव देवनागरीत घ्यायचं असेल तर जास्त जपायला हवं. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत, त्यांचा वर्ग ‘चिन्ह’. त्यामुळे पायथनच्या ‘इजअल्फा’ला ‘मराठी’ हा शब्दच नापास! नियमात अक्षरं आणि चिन्हं दोन्ही वर्ग घ्यावेत. लांबीचंही तसंच. ‘बेळगाव’ डोळ्यांना ४ अक्षरं, युनिकोडमध्ये ६, तर यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. मर्यादा कशात मोजताय ते आधी ठरवा.

‘बऱ्हाणपूर’ तर दोन प्रकारे टाइप होतं : एकदा ‘ऱ’ (युनिकोड ०९३१) वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून. दिसायला सारखंच, सर्व्हरला मात्र दोन वेगळी गावं. एनएफसी नॉर्मलायझेशननेही हा फरक जात नाही, एकच रूप ठरवून दुसरं त्यात बदलून घ्यावं लागतं. आणि ‘अदृश्य खुणा नकोत’ असा सरसकट नियम केला, तर दुसऱ्या प्रकारे लिहिणारा बाहेरच राहतो.

मराठी आकड्यांचं आणखी एक. ‘कोणताही अंक’ यासाठीची रेग्युलर एक्स्प्रेशनमधली खूण पायथनमध्ये मजकूर तपासताना देवनागरी आकडेही स्वीकारते, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी. म्हणजे ब्राउझर नको म्हणतो ते सर्व्हर चालवून घेतो. आधी सगळे आकडे इंग्रजीत बदला, मग तपासा.

माहिती नाकारायचीच असेल तर ४०० किंवा ४२२ हा स्टेटस कोड द्यावा, आणि कोणत्या रकान्यात नेमकं काय अडलं ते सांगावं. बाकीचा भरलेला फॉर्म तेवढा पुसू नका.