हरमलच्या कड्यावरून

हरमल-केरीच्या कड्यावर समुद्राचा वारा आदळून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर हल्ली हौशी प्रवासी पॅराग्लायडिंगच्या छत्र्या तरंगवतात. त्यांना उत्तरेस नदीपलीकडे दिसतो तो तेरेखोलचा किल्ला. सतराव्या शतकात वाडीकर खेमसावंतांनी तो बांधला. नदीमुखावर नजर ठेवण्यास याहून सोयीची जागा नव्हती. इ. स. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. त्याच वर्षी हळर्णचा किल्लाही पडला आणि जेत्या व्हाइसरॉयला पदवी मिळाली ‘आलोर्नाचा मार्क्विस’! आपल्या पेडण्यातील एका गावाचे नाव लिस्बनच्या दरबारी पोहोचले, ते असे, पराभवाच्या वाटेने. पुढे सावंतांनी हा मुलूख परत मिळवला, पण १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली त्याआधीच गेली होती.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच तेरेखोलवर तिरंगा फडकवला. छत्रीवाल्यांना हे ठाऊक नसते, आणि दोष त्यांचा नव्हे. आपल्या घरांतल्या किती मुलांनी केरीची फेरीबोट धरून तो तट जवळून पाहिला आहे?