फूटपाथवरील चाके

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या युनियनच्या कचेरीत एक तंटा आला. तंटा मालकाशी नव्हता. गिरणीतून निवृत्त झालेले आमचे एक जुने सभासद संध्याकाळी फूटपाथवरून चालले असता मागून सायकलीचा धक्का बसून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. सायकलवरचा पोरगा घरोघर जेवण पोचविणारा. तोही आमचाच सभासद. "काका, रस्त्यावर बस अंगावर येते, मी जाऊ कोठे?" असे तो म्हणे. काका म्हणत, "बस तुझ्या अंगावर येते म्हणून तू माझ्या अंगावर येणार काय?" दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटले. तीस वर्षे आम्ही तडजोडी करीत आलो, पण समोर मालक नाही आणि भांडण मात्र पोटापाण्याचे, असा प्रसंग क्वचितच आला होता. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात. म्हणून सवयीप्रमाणे आम्ही पुस्तके काढून बसलो. तेथे जे सापडले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्याकडील वाहतुकीच्या नियमांची घडण पुष्कळशी इंग्रजी कायद्यावरून झाली, तेव्हा शोध तिकडूनच सुरू करावा लागतो. १८३५ साली इंग्लंडात राजमार्गांचा कायदा झाला. त्याच्या ७२ व्या कलमाने पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेवर स्वारी करणे, घोडा, गाढव, मेंढरे, खेचर, डुकरे वा गुरे हाकणे आणि कोणतीही गाडी नेणे हा गुन्हा ठरविला. दंड चाळीस शिलिंगांपर्यंत. हे कलम तेथे अद्याप जिवंत आहे. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सायकल नव्हती, कारण पायडल मारून चालणारी सायकल रस्त्यावर यावयाची होती. त्यांच्या डोळ्यांपुढे होते ते बाजाराच्या दिवशी डुकरांच्या कळपापुढे पळणारे माणूस.

मग सायकल आली आणि प्रश्न पडला, ही कोणत्या जातीची? १८७९ साली लंडनजवळच्या मझवेल हिलच्या उतारावरून भरधाव आलेल्या एका सायकलस्वाराचा खटला वरच्या कोर्टात गेला. सायकल ही गाडीच होय, असा निवाडा झाला. १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्याने तो कायम केला आणि वर घंटा व दिवा यांची सक्ती घातली. सायकलस्वारास हा निवाडा जाचक वाटला असेल. पण आमच्या मते त्याला मिळालेली ती पहिली सनद होती. गाडी ठरल्यामुळे त्याला फूटपाथ बंद झाला, पण राजरस्ता उघडला. सायकलस्वारांची संघटना १८७८ पासून उभी होतीच. चांगल्या रस्त्यांसाठी तिने मोटार येण्यापूर्वीपासून चळवळ केली. पुढे त्या गुळगुळीत रस्त्यांवर कोण धावू लागले, हे सांगावयास नको.

१९३० साली ब्रिटनमध्ये मोटारीवरील ताशी वीस मैलांची मर्यादा उठविण्यात आली. १९३४ साली रस्त्यावर ७,३४३ माणसे मेली. त्यांत निम्म्याच्या आसपास पादचारी होते. सरकारला वस्तीमध्ये ताशी तीस मैलांची मर्यादा पुन्हा घालावी लागली. त्याच वर्षीच्या १४ डिसेंबरला वाहतूकमंत्री होर-बेलिशा यांनी लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूला लागून सायकलींसाठी वेगळ्या वाटा खुल्या केल्या. लांबी अडीच मैल, रुंदी साडेआठ फूट. सायकलस्वारांनी आभार मानावे, तर त्यांच्या संघटनेने विरोध केला! आज वेगळी वाट देतील आणि उद्या रस्त्यावर बंदी घालतील, ही त्यांची भीती. ती वाचून आम्हांस हसू आले नाही. 'खास तुमच्या सोयीसाठी' म्हणून काढलेला मागचा दरवाजा पुढे एकमेव दरवाजा कसा होतो, हे आम्ही कारखान्यांत पाहिले आहे.

आता तिसऱ्या माणसाकडे वळू. ज्याला पायच साथ देत नाहीत, त्याने कोठून जावे? अठराव्या शतकाच्या मध्यास बाथ शहरात जेम्स हीथ याने आजाऱ्यांसाठी चाकांची खुर्ची केली; ती ओढावयास वा ढकलावयास दुसरा माणूस लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकार अपंगांस तीन चाकांची छोटी मोटार देऊ लागले. ती निळी गाडी एका माणसापुरती असे, म्हणजे बायको बसने आणि नवरा एकटा, असा प्रवास. २००३ साली त्या गाड्या रस्त्यावरून उठविण्यात आल्या. विजेरी स्कूटर अमेरिकेत १९६८ साली ॲलन थीम याने केली. घरात मज्जासंस्थेच्या विकाराने आजारी माणूस होते, हे तिच्या जन्माचे कारण.

पण यंत्रापेक्षा आम्हांस कायदा मोठा वाटतो. १९७० साली आल्फ मॉरिस या मजूर पक्षाच्या सभासदाने अपंगांसाठीचे बिल पार्लमेंटात मंजूर करून घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने खंगलेल्या आणि अकाली गेलेल्या मजुराचा तो मुलगा. त्या कायद्याच्या विसाव्या कलमाने १८३५ ची बंदी अपंगांच्या गाडीपुरती दूर केली. १९८८ च्या नियमांनी तपशील घातला. साध्या विजेरी खुर्चीस वा स्कूटरला ताशी चार मैल. मोठ्या स्कूटरला रस्त्यावर आठ मैल. पण तीच फूटपाथवर चढली की चारच. चार मैल म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर, झपाझप चालणाऱ्या माणसाची चाल. ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. चाके किती आणि इंजिन कोणते, हे कायद्याने मोजत न बसता वेग मोजला आणि ही गाडी म्हणजे त्या माणसाचे पाय होत, असे मानले.

सायकलच्या बाबतीत मात्र हे शहाणपण दिसले नाही. १ ऑगस्ट १९९९ पासून तेथे फूटपाथवरील सायकलस्वारास जागच्या जागी दंड करण्याची तरतूद झाली, आणि लगेच मंत्र्याने खुलासा केला की, रहदारीच्या भीतीने फूटपाथवर येणाऱ्या समंजस सायकलस्वारावर आमचा रोख नाही. म्हणजे गुन्हा कायम, आणि पोलिसास डोळेझाक करण्याचा सल्ला. भीती मंत्र्यालाही कबूल होती. पण जिची भीती, त्या मोटारीविषयी त्या खुलाशात अवाक्षर नव्हते.

हॉलंडात सारे पहिल्यापासून गोड होते, असा एक समज आहे. तेथे १९२४ पासून १९४१ पर्यंत सायकलवर कर होता. वर्षाला तीन गिल्डर भरून पितळी बिल्ला लावावा लागे. गरिबास तो फुकट मिळे, पण त्याच्या बिल्ल्यास भोक पाडलेले असे. दारिद्र्य दुरून दिसावे म्हणून सरकारने केलेली ही सोय! पुढे मोटारी वाढल्या, आणि १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० बळी गेले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. बालहत्या थांबवा, हेच त्यांच्या संघटनेचे नाव. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांना हात दिला. तेव्हापासून सायकलींच्या ज्या वाटा झाल्या, त्या पुष्कळ ठिकाणी मोटारीची जागा कापून. अपंगांच्या गाडीला तर तेथे फूटपाथ, सायकलमार्ग आणि रस्ता यांपैकी काहीही निवडण्याची मुभा आहे.

आमच्या त्या तंट्याकडे परत येतो. पोराची भीती खरी, पण ती काकांच्या खुब्याची किंमत होऊ शकत नाही. म्हणून दवाखान्याच्या खर्चातला काही भाग त्याने हप्त्याने द्यावा, उरलेला युनियनच्या कल्याण निधीने, असे ठरविले. काहींना हा निकाल कठोर वाटला.

बैठकीला आमचे एक अपंग सभासद हाताने चालवावयाची तीनचाकी घेऊन आले होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघे फूटपाथसाठी भांडता, मला तर त्यावर चढताच येत नाही." भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुस्तिकेत चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या आत असावी, असे लिहिले आहे. चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. आम्ही, तो पोरगा आणि तीनचाकीवाले सभासद असे तिघे एका रविवारी सकाळी फीत घेऊन अपघाताच्या जागी गेलो. विजेची पेटी आणि उभ्या केलेल्या मोटारी यांच्यामध्ये मोकळी जागा भरली दोन फूट चार इंच. कडेची उंची अकरा इंच. शेजारी मोटारींसाठी रस्ता होता छत्तीस फूट, आणि त्याची एक बाजू मोटारी उभ्या करण्यातच गेली होती. पोराने आकडे वहीत उतरवून घेतले. काकांनी दुसऱ्या दिवशी अंथरुणावरूनच अर्जाचा मसुदा सांगितला. त्यात फूटपाथ रुंद करा असे न लिहिता, मोटारींची ती रांग उठवा, असे त्यांनी घालावयास लावले. उत्तर अजून आलेले नाही.