साताऱ्याची माणसं, फ्रान्सचं गाव

पॅरिसला जाऊन आयफेल टॉवरसमोर फोटो काढणारे आता सातारा-सांगलीतही बरेच झालेत. त्यांना एक सुचवतो. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं तासाभरात लील शहर येतं. तिथून साधारण २५ किलोमीटरवर न्यव शापेल हे शांत गाव आहे. आजूबाजूला सपाट शेतं, गर्दी नाही.

२८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात घराघरांतून लढाई झाली. ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. या सॅपर्समध्ये मराठेही असत. पूल-खंदक बांधणारी माणसं संगिनी घेऊन गल्ल्यांत शिरली. अनेक परतलीच नाहीत. १९२७ मध्ये तिथं स्मारक झालं. कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं त्यावर कोरलेली आहेत.

पण आपल्या बहुतेक मराठा पलटणी गेल्या इराकला. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र साध्या भारतीय शिपायांची नावं नाहीत, पलटणीनुसार नुसते आकडे.

अपशिंगे मिलिटरीचे ४६ जण त्या महायुद्धात गेले. गावात त्यांचा स्तंभ आहे. बाकी गावांचं काय?

घरात पणजोबांचं जुनं पदक असेल तर त्याची कड बघा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथं कोरलेली असते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर ते नाव फुकट शोधता येतं. सापडलं तर गावाला सांगा.