माशिकोची भांडी : ग्रामीण कुंभारकलेच्या पुनरुज्जीवनाचा एक पडताळा

ग्रामीण हस्तव्यवसायांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा करताना आपण एक गोष्ट बहुधा गृहीत धरतो. खेड्यात प्राचीन काळापासून चालत आलेली कला नव्या काळात मरणपंथाला लागते आणि शहरातील रसिक तिला आपल्या घरात जागा देऊन जगवितात, असे ते गृहीत होय. जपानमधील माशिको या गावाचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. परंतु या गावाचा इतिहास क्रमाने तपासला असता असे दिसून येते की, येथे प्राचीन मानली गेलेली परंपरा फारशी जुनी नव्हती आणि ती निव्वळ खेड्याची तर कधीच नव्हती. या दोन गोष्टींचा व त्यांतून निघणाऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(१)

माशिको हे तोचिगी प्रांतातील गाव टोकियोच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. शेजारच्या कासामा येथे कुंभारकाम शिकलेल्या ओत्सुका केइझाबुरो याने १८५३ मध्ये येथे भट्टी घातली आणि कुरोबाने संस्थानाने या धंद्याला आश्रय दिला. येथील माती भरड; तिच्यातून नाजूक पात्रे घडत नाहीत. म्हणून पाण्याचे रांजण, मिठाची भांडी, चहाच्या किटल्या आणि आतून रेघा पाडलेले वाटणाचे वाडगे असा जाडजूड, झिलईदार माल निघे. तो किनू नदीतून नावांनी एडोस, म्हणजे पुढील काळातील टोकियोस, जाई. तात्पर्य, माशिकोचा कुंभार राहत होता खेड्यात. पण त्याचे गिऱ्हाईक होते राजधानीतील स्वयंपाकघर.

ते स्वयंपाकघर बदलू लागताच कुंभाराचा पाया ढासळला. नळ आल्यावर रांजणाची गरज उरली नाही. धातूची हलकी भांडी आणि गॅसच्या शेगड्या यांपुढे मातीची किटली मागे पडली. १९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर नव्याने संसार मांडणाऱ्या लोकांमुळे मागणी काही काळ वाढली. परंतु ती आपत्तीतून आलेली तेजी होती, टिकणारी नव्हे.

(२)

हामादा शोजी (१८९४–१९७८) नेमका या संधिकाळात माशिकोस आला. तो कुंभाराच्या घरात जन्मलेला नव्हता. टोकियोच्या तंत्रविद्यालयात शिकून त्याने क्योटोच्या मृत्तिकाशिल्प-संशोधनशाळेत काम केले होते आणि १९२० पासून बर्नार्ड लीच याच्यासह इंग्लंडमधील सेंट आयव्हज येथे भट्टी उभारली होती. १९२४ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्याने माशिकोत वस्ती केली व प्रथम साकुमा घराण्याच्या कारखान्यात काम केले. माती आणि झिलई त्याने स्थानिकच ठेवली. बदलला तो भांड्यांचा प्रकार. रांजणाच्या जागी थाळी, वाडगा, चहाचा पेला आणि फुलदाणी आली. स्वयंपाकघरातून हद्दपार होऊ घातलेली माती जेवणाच्या मेजावर आणि बैठकीच्या खोलीत येऊन बसली.

या बदलाला तात्त्विक अधिष्ठान दिले यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) याने. १९२५ मध्ये त्याने, हामादाने व कावाई कांजिरोने ‘मिंगेई’, म्हणजे सामान्य जनांची कला, हा शब्द रूढ केला. १९३६ मध्ये टोकियोत लोककलेचे संग्रहालय उघडले. नित्याच्या वापरासाठी, पुष्कळ संख्येने, अनामिक हातांनी केलेल्या वस्तूतच खरे सौंदर्य प्रकटते, असे त्याचे प्रतिपादन होते. माशिकोत मिनागावा मासू नावाची निरक्षर स्त्री लहानपणापासून किटल्यांवर एकच निसर्गचित्र झरझर रेखाटीत असे. यानागीला तिच्या हातात आपल्या सिद्धांताचा पुरावा दिसला.

(३)

येथे एक विसंगती उत्पन्न होते. अनामिकतेचा पुरस्कार करणाऱ्या या चळवळीनेच नावाला मोल आणले. हामादा आपल्या भांड्यावर सही करीत नसे. परंतु ते भांडे ज्या लाकडी पेटीतून विकले जाई, तिच्यावर त्याची सही असे. १९५५ मध्ये शासनाने त्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ मानल्या जाणाऱ्या कलावंतांत स्थान दिले; १९९६ मध्ये त्याचा शिष्य शिमाओका तात्सुझो यालाही तो मान मिळाला. गावातील इतर कुंभार हामादाच्या धर्तीची भांडी करू लागले आणि कालांतराने तीच ‘माशिकोची परंपरा’ ठरली. मात्र त्यामुळे गाव जगले, हेही नाकारता येणार नाही. १९६६ पासून तेथे भांड्यांचा बाजार भरतो. २०११ च्या भूकंपात हामादाची चढती भट्टी कोसळली. ती दुरुस्त होऊन २०१५ मध्ये पुन्हा पेटविण्यात आली.

तुलनेसाठी क्यूशू बेटावरील ओंता पाहावे. १७०५ पासून चालत आलेल्या या कुंभारवाडीस यानागीने १९३१ मध्ये व लीचने १९५४ मध्ये भेट दिली. तेथे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी मुसळे माती कुटतात. त्यामुळे किती माती मिळावी हे ओढाच ठरवितो आणि कोणाही एका घराला उत्पादन मनसोक्त वाढविता येत नाही. भट्टी सामायिक असून भांड्यावर व्यक्तीच्या नावाऐवजी गावाचे नाव उमटते. तरीही शहरी मागणीने पैसा आल्यावर तेथील परस्परसहकार्यावर ताण पडला, हे ब्रायन मोरान यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. एकोपा पाहून भाळलेल्या गिऱ्हाइकाच्या पैशानेच त्या एकोप्याची कसोटी पाहिली.

(४)

या इतिहासाचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. दिल्लीत १९५२ मध्ये मृत्तिकाशिल्पाची कार्यशाळा काढणारे गुरुचरण सिंग तरुणपणी जपानमध्ये यानागी, हामादा व लीच यांच्या सहवासात आले होते. परंतु माशिकोचा नमुना महाराष्ट्रातील गावाला जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे होईल. आपला कुंभार बलुतेदार होता. गावाला मडकी पुरवावी आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यावा, ही त्याची व्यवस्था होती. माशिकोप्रमाणे शहराची बाजारपेठ हा तिचा मूलाधार नव्हता. म्हणून माठाचा घाट शहरी दिवाणखान्यात टिकला, तरी त्या घाटामागील नाते टिकले असे म्हणता येणार नाही.

पुनरुज्जीवनाच्या अभ्यासकाने म्हणूनच तीन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत : वस्तूचे रूप, ती करण्याचे कसब आणि करणाऱ्याचा चरितार्थ. माशिकोत कसब टिकले, रूप पालटले आणि चरितार्थ नव्या पायावर उभा राहिला. तिन्ही एकाच वेळी जशीच्या तशी वाचल्याचे हा इतिहास दाखवीत नाही. तेव्हा एखादी कला ‘जगली’ असे लिहिण्यापूर्वी तिच्यातील नेमके काय जगले आणि कोणाच्या नावाने, हे विचारणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.