थरथरत्या हवेतून प्रकाशाची वाट

पंचवटीत उन्हाळ्यातल्या दुपारी गंगाघाटाच्या तापलेल्या फरसबंदीवरून पलीकडे पाहा. समोरची देवळे थरथरताना दिसतात. थरथरते ती मधली हवा. तिच्यातले गरम-गार भोवरे प्रकाशाला क्षणोक्षणी वेगळे वळवतात. तारे लुकलुकतात तेही हवेच्या या थरथरीनेच, असे न्यूटनने १७०४ मध्ये लिहिले होते. १९४१ मध्ये सोव्हिएत रशियात कोल्मोगोरोव्हने या भोवऱ्यांचे गणित मांडले.

१९६० मध्ये अमेरिकेत मायमनने पहिला लेसर तयार केला. त्याच्या लहरी कवायतीतल्या सैनिकांसारख्या एका तालात चालतात. वाटले, आता तारेवाचून संदेश धाडता येतील. पण ही शिस्तच नडली. हवेने ताल बिघडवला, की लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे पुसून टाकतात. झोत लुकलुकतो आणि संदेश तुटतो.

मग उलटा विचार झाला. ताल आधीच थोडा सैल ठेवला तर? २००२ मध्ये रिकलिन आणि डेव्हिडसन यांनी गणिताने दाखवले, की अशा अंशतः सुसंगत झोताची लुकलुक कमी होते. मात्र तो अधिक पसरतो, प्रकाश विरळ होतो. म्हणून शिस्त किती सैल सोडायची, हाच खरा प्रश्न. हवा काही थांबणार नाही. तिच्याशी जुळवून घ्यायचे ते प्रकाशानेच.