गाण्याची सीडी, फायरवॉल आणि घरातला चोर

घरच्या संगणकावर फायरवॉल सुरू आहे, विषाणूरोधक प्रणाली अद्ययावत आहे, अनोळखी ई-मेल उघडली जात नाही. मग काळजीचे कारण काय, असे मानणाऱ्यांना २००५ च्या हिवाळ्यात मोठाच धक्का बसला. त्या वर्षी अमेरिकेत लक्षावधी संगणकांमध्ये जी घुसखोरी झाली, ती दुकानातून रोख पैसे मोजून आणलेल्या गाण्यांच्या सीडीतून झाली होती. ती करणारी कंपनीही जगातील सर्वांत मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एक होती: सोनी बीएमजी.

फायरवॉल हा संगणक आणि इंटरनेट यांच्यामधला द्वारपाल. संगणकाकडे येणारी माहिती लहान लहान तुकड्यांत येते आणि क्रमांक दिलेल्या दारांतून, म्हणजे पोर्टमधून, आत शिरते. न बोलावता आलेल्याला दारातच अडविणे हे फायरवॉलचे मुख्य काम. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा कृमी १३५ क्रमांकाच्या पोर्टातून संगणकांत पसरला, तेव्हा या द्वारपालाचे महत्त्व सर्वांना पटले. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल २००१ पासूनच होती, पण ती बंद ठेवूनच संगणक विकले जात. द्वारपाल नेमायचा आणि त्याला झोपवून ठेवायचे, असा तो प्रकार होता. ऑगस्ट २००४ मधील 'सर्व्हिस पॅक २'पासून ती आपोआप सुरू राहू लागली. मात्र ही फायरवॉल बाहेरून येणाऱ्यांनाच अडवीत असे; आतून बाहेर जाणाऱ्याची ती चौकशी करीत नसे. आणि मालकाने स्वहस्ते ड्राइव्हमध्ये घातलेली सीडी तर तिच्या अखत्यारीतच येत नव्हती.

सीडीत असे काही घालण्याची गरज संगीत कंपन्यांना का वाटली, हे समजण्यासाठी १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीची रचना पाहावी लागते. तिच्यावर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत आणि दोन चॅनेलांवर नोंदलेले असतात. एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० एमबी जागा लागते. त्या काळी घरगुती संगणकांत एवढी जागाही नव्हती आणि सीडी वाचणारे ड्राइव्हही नव्हते. त्यामुळे सीडीला कुलूप लावण्याचा विचार कोणी केला नाही. पुढे ड्राइव्ह आले, एमपी-३ आले, आणि पन्नास एमबीचे गाणे पाच एमबीत मावू लागले. सीडीवरील गाणी संगणकात उतरवून घेणे, म्हणजे 'रिप' करणे, काही मिनिटांचे काम झाले. स्वतःच्या सीडीची प्रत संगणकावर किंवा खिशातल्या वादकावर ठेवणारे आणि तीच गाणी इंटरनेटवर वाटणारे यांत फरक करण्याचा मार्ग कंपन्यांजवळ नव्हता. मूळ सीडीला आता कुलूप घालावे, तर जुन्या प्लेअरवर ती वाजणार नाही. तेव्हा कुलूप सीडीऐवजी ग्राहकाच्या संगणकालाच लावण्याची कल्पना निघाली.

त्यासाठी आधार होता विंडोजच्या 'ऑटोरन' सोयीचा: सीडी आत गेली की तिच्यावरील प्रणाली आपोआप सुरू होते. हा आधार किती लेचापेचा आहे, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन याने २००३ मध्येच दाखवून दिले. सीडी घालताना 'शिफ्ट' कळ दाबून ठेवली की सनकॉम कंपनीचे 'मीडियामॅक्स' हे कुलूप लागतच नाही, असे त्याने लिहिले. कंपनीने त्याच्यावर दाव्याची धमकी दिली आणि लगेच मागेही घेतली.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञाने प्रसिद्ध केलेला शोध याहून गंभीर होता. दडलेल्या प्रणाली हुडकणारे स्वतःचे साधन तपासून पाहताना त्याला आपल्याच संगणकात लपविलेल्या फायली सापडल्या. माग काढत तो पोहोचला व्हॅन झँट बंधूंच्या, रीतसर विकत घेतलेल्या अल्बमपर्यंत. 'फर्स्ट फोर इंटरनेट' या ब्रिटिश कंपनीने सोनी बीएमजीसाठी बनविलेली 'एक्ससीपी' ही प्रणाली सीडीबरोबर संगणकात शिरत होती आणि स्वतःला लपवीत होती. अशा प्रणालीला 'रूटकिट' म्हणतात, आणि तोवर ती हॅकरांचे हत्यार म्हणूनच ओळखली जाई. करारपत्रात एक छोटी प्रणाली बसविली जाईल असे म्हटले होते. ती लपून राहील याचा उल्लेख नव्हता आणि ती काढून टाकण्याची सोयही दिलेली नव्हती. जाणकाराने हाताने फायली पुसल्याच, तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई.

लपविण्याची तऱ्हा अशी, की ज्या फायलीचे नाव डॉलर-एसवायएस-डॉलर या अक्षरांनी सुरू होते, ती विंडोजला दिसतच नसे. मग ती कोणाचीही असो. चोराने स्वतःसाठी केलेल्या भगदाडातून दुसरे चोर शिरावेत, तसे झाले. १० नोव्हेंबरच्या सुमारास याच आडोशाचा फायदा घेणारे ट्रोजन फिरू लागले. ऑनलाइन खेळांत लबाडी करणाऱ्यांनीही तो वापरला.

कंपनीचा पहिला पवित्रा मात्र बेफिकिरीचा होता. रूटकिट म्हणजे काय हे लोकांना ठाऊकच नाही, मग त्यांनी फिकीर का करावी, अशा आशयाचे उद्गार तिच्या डिजिटल विभागाचे प्रमुख टॉमस हेस यांनी अमेरिकी रेडिओवर काढले. मग तक्रारी वाढल्यावर दिलेल्या काढणी-साधनाने वेगळाच घोळ घातला. ते वापरणाऱ्याचा संगणक कोणत्याही संकेतस्थळाला मोकळा होतो, असे हाल्डरमन आणि त्याचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांना आढळले. सुरक्षा-संशोधक डॅन कामिन्स्की यांना किमान ५ लाख ६८ हजार डीएनएस सर्व्हरांत या प्रणालीच्या संपर्काच्या खुणा मिळाल्या. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचे अधिकारी स्टुअर्ट बेकर यांनीही बौद्धिक संपदा तुमची असली, तरी संगणक तुमचा नाही, अशा शब्दांत उद्योगाची कानउघाडणी केली.

सर्वांत बोचरी गोष्ट पुढेच उघड झाली. एक्ससीपीच्या पोटात 'लेम' या मुक्तस्रोत एमपी-३ प्रणालीचे अंश तज्ज्ञांना सापडले. मुक्तस्रोत प्रणाली कोणीही वापरू शकतो, पण परवान्यातील अटी पाळून. त्या पाळल्या गेल्या नव्हत्या, असा आक्षेप आला. कॉपीराइटच्या रक्षणासाठी बनविलेल्या साधनावरच कॉपीराइटभंगाचा आरोप झाला!

नोव्हेंबरच्या मध्यास सोनी बीएमजीने एक्ससीपी असलेल्या सीडी परत मागविल्या. ५२ अल्बमांच्या सुमारे ४७ लाख सीडी बनल्या होत्या आणि २१ लाख विकल्या गेल्या होत्या. टेक्सास राज्याने २१ नोव्हेंबर रोजी दावा लावला. २००६ मध्ये ग्राहकांशी झालेल्या तडजोडीत साडेसात डॉलर आणि एक अल्बम, किंवा तीन अल्बम डाउनलोड, असे पर्याय मिळाले. २००७ च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार संगणकाच्या नुकसानीपोटी १५० डॉलरपर्यंत भरपाई देणे कंपनीने मान्य केले.

भारतीय कायदा अशा प्रसंगी दोन्ही बाजूंनी लागू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात घातक प्रणाली घुसविणाऱ्याकडून भरपाई मागता येते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ खासगी वापरासाठी गाण्याचा रास्त उपयोग मान्य करते. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ मात्र हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते.

२००७ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सीडीवरील प्रणाली सुरू करण्यापूर्वी मालकाला विचारले जाऊ लागले, आणि फायरवॉललाही बाहेर जाणारी वाहतूक अडविता येऊ लागली. एक्ससीपी असलेल्या जुन्या सीडी ओळखायच्या, तर वेष्टनाच्या कण्यालगत 'कंटेंट प्रोटेक्टेड' ही अक्षरे आहेत का, ते पाहावे. संग्रहातला एखादा एक्सपी-संगणक अजून चालता असेल, तर अशी सीडी आत घालताना 'शिफ्ट' कळ दाबून ठेवण्याची युक्ती त्यावर आजही लागू पडते.