परक्या हातचा पाव

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीतील एका तरुण कारकुनाची नोकरी कायम झाली. अशा प्रसंगी सर्वांचे तोंड गोड करण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. हा तरुण डोंबिवलीस राहतो व रोज सकाळच्या लोकलने ठाण्यास येतो. आदल्या दिवशी तो आमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सर, आपण बावीसजण आहोत. पेढे सगळेच आणतात, आणि चांगले घ्यायचे तर परवडत नाहीत. दुसरं काहीतरी सुचवा ना." इतिहासाच्या अध्यापकास असा प्रश्न विचारला जाणे हा एक सन्मानच होय. आम्ही त्यास स्टेशनाजवळच्या बेकरीत जाण्याचा सल्ला दिला. पेढ्यांना लागणाऱ्या पैशात अर्धा किलो नानकटाई येते, बावीसजणांना ती पुरते, आणि वर खारी, जिऱ्याचे बटर व थोडे मावा केक घेण्याइतके पैसेही उरतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी खोकी उघडली, आणि दहा मिनिटांत त्यांत केवळ खारीचा चुरा राहिला.

खोकी आवरताना तो सहज बोलून गेला, "आई घरून नारळाच्या वड्या करून देत होती. मीच नको म्हटलं. घरचं सगळे खातीलच असं नाही. बेकरीचं बरं, कुणी काही विचारत नाही."

त्याचे हे शेवटचे वाक्य आमच्या मनातून जाईना. ज्या वस्तूविषयी आज कोणी काही विचारीत नाही, त्याच वस्तूविषयी आपल्या समाजाने तीनचारशे वर्षे दुसरे काही विचारलेच नव्हते. पाव कोणी केला, कोणाच्या हातचा घेतला, खाल्ला असल्यास प्रायश्चित्त कोणते, या प्रश्नांनी घरे फुटली, सभा मोडल्या आणि मोठमोठ्या पुरुषांस मान खाली घालावी लागली. ही हकीकत थोडक्यात सांगावी असे वाटते. कारण तिचे बरेचसे धागे ठाणे व कल्याण याच परिसरात गुंतलेले आहेत.

प्रथम घरचाच अनुभव सांगतो. आमच्या लहानपणी कल्याणच्या वाड्यात पाव येई तो केवळ तापकऱ्यासाठी. दुधात कुस्करलेला पाव हे आजाऱ्याचे अन्न मानले जाई. तो स्वयंपाकघरात ठेवण्यास आजीची परवानगी नसे. ओटीवरच्या कोनाड्यात कागदात बांधलेला तो पडून राही. "पायांनी तुडवलेलं पीठ ते," असे ती म्हणे. ही समजूत त्या काळी घरोघर होती. 'पाव' म्हणजे पाय, अशी व्युत्पत्ती लोकांनी आपल्या सोयीने लावली होती. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा तेथील अर्थ केवळ रोटी एवढाच आहे.

पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि १५३४ सालच्या तहाने वसईचा प्रदेश व त्याबरोबर साष्टी त्यांच्याकडे गेली. ठाणे हे त्या साष्टीतले प्रमुख गाव. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले व १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तोवर दोनशे वर्षे हा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. हा भाताचा देश. येथे चूल होती, तवा होता, भाकरी होती, भट्टी नव्हती. भट्टी ही चुलीसारखी घरगुती वस्तू नव्हे. ती एकदा तापली की एका कुटुंबापुरते चार पाव भाजून विझवणे परवडत नाही. तिच्यावर साऱ्या गावाचे भाजावे लागते. म्हणून पाव हे आरंभापासूनच विकतचे अन्न झाले. अर्थात परक्याच्या हातचे. त्यातून गोव्याच्या बाजूस पीठ फुगवण्यासाठी ताडामाडाची सुर घालीत. म्हणजे करणारा परधर्मी आणि आंबवण मद्याचे! सोवळ्या मनास याहून अधिक काय हवे? विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतील घडलेले किती व कल्पिलेले किती हा वाद बाजूस ठेवला, तरी पावाचा एक तुकडा माणसाची जात नेऊ शकतो हा विश्वास खरा होता, आणि समाज विश्वासांवरच चालत असतो.

हा विश्वास मोडण्याचे साधनही पुढे पावच झाला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तीतील प्रमुख पुरुष. जातिभेद मोडावा हे तिचे ध्येय. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जातिभेदाविरुद्ध व्याख्यान देणे सोपे. तो घास गिळणे कठीण. हे त्या मंडळींनी बरोबर ओळखले होते. परंतु सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले, नावे बाहेर फुटण्याची भीती पसरली आणि सभा विस्कटली. पाव पचला होता. नावांची यादी पचली नाही.

या दोन तारखांच्या मधोमध आणखी एक गोष्ट घडली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली, आणि १८५४ साली ती कल्याणास पोहोचली. आगगाडीने जे केले ते कोणत्याही सभेस साधले नाही, असे अनेकदा म्हटले जाते. आम्हांस त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते. पंगतीस पाट लागतात, पाने लागतात, कोण कोणाच्या शेजारी बसणार याचा क्रम लागतो. बिस्किटास यांतले काही लागत नाही. ते सुके, टिकाऊ, उभ्याउभ्या खाण्याजोगे. कागदाच्या पुडीत मावते व चार माणसांत मोडता येते. गाडीच्या डब्यात आणि कचेरीच्या मेजावर पंगत मांडता येत नव्हती, तेथे बिस्किटाने प्रवेश केला.

तथापि तो प्रवेश सुखासुखी झाला नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा प्याले, कोणी भिडेखातर पेला हाती घेऊन बाजूस ठेवला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली ते घेतले आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांस बोल लावला. ही नावे उजेडात आणणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी. डॉक्टर आनंदीबाईंचे पती. आनंदीबाईंचा जन्म १८६५ साली कल्याणास झाला, आणि गोपाळराव तेथेच टपालखात्यात कारकून होते. ज्याने पत्नीस शिकण्यासाठी समुद्रापार धाडले, त्यानेच बिस्किटाच्या निमित्ताने सुधारकांचे धैर्य चव्हाट्यावर तोलून पाहिले. या विक्षिप्त पुरुषाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्याने केलेली परीक्षा मार्मिक होती यात शंका नाही. येथेही पुन्हा यादीच! लोकांस बिस्किटाचे भय नव्हते. आपण ते खाल्ल्याचे इतरांस कळण्याचे होते.

मग हे भय गेले कसे? आमच्या मते ते वादविवादाने जिंकले गेले नाही. ते झिजून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द व केरमान या प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. १९०४ साली धोबीतलावाजवळ कयानी व १९१४ साली ग्रँट रोड स्थानकासमोर मेरवान सुरू झाले. मेरवानच्या मावा केकने कित्येक कारकुनांस उशिराच्या गाडीने घरी धाडले असेल. सुरतेहून नानकटाई आली. तेथील डच लोकांच्या भट्ट्या पारशी कारागिरांकडे आल्या आणि स्थानिक गिऱ्हाइकांसाठी त्यांनी अंडे व ताडी वगळून हा प्रकार सिद्ध केला, असे सांगतात. सोवळ्याशी तडजोड करून जन्मलेला हा पदार्थ आजही त्याच गुणावर खपतो. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार गमावलेल्या त्या माणसांपैकी अनेकांनी खाद्यपदार्थ करून व विकूनच पुन्हा संसार उभे केले. आज या पट्ट्यातील भट्ट्यांपुढे घाम गाळणारे पुष्कळ कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान आहेत. सकाळचा पाव भाजून झाल्यावर त्याच धगीवर खारी व बटर भाजतात, उरल्या पावाचे काप करून टोस्ट करतात. एका जळणात इतके जिन्नस निघतात, म्हणून हा माल स्वस्त पडतो.

असा हा पोर्तुगीज, डच, पारशी, इराणी, सिंधी आणि हिंदुस्थानी हातांतून आलेला खाऊ ठाण्याच्या एका कचेरीत बावीस माणसे निर्धास्तपणे खातात. "बिनअंड्याचं आहे ना?" एवढाच प्रश्न मागे उरला आहे. एकेकाळच्या ग्रामण्यांच्या मानाने ही प्रगती लहान नव्हे, आणि तिचा आम्हांस आनंद आहे.

परंतु त्या तरुणाचे वाक्य या आनंदास थोडे टोचते. बेकरीचे कोणी विचारीत नाही. कारण करणारा हात भिंतीआड असतो. परमहंस सभेत करणाऱ्याची जात ठाऊक असून घास घ्यावयाचा होता. आपण ती ठाऊक नसल्यामुळे घेतो. आपण भेद ओलांडला, की केवळ तो दिसेनासा केला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अनंत हरि गद्रे यांची आठवण होते. सहभोजनाच्या प्रसारासाठी त्यांनी झुणकाभाकरीचा सत्यनारायण चालवला. पूजेस अस्पृश्य मानलेल्या समाजातील जोडपे बसे, आणि प्रसाद म्हणून त्यांच्या हातची झुणकाभाकर सर्वांनी खावयाची. गद्र्यांनी बेकरीचा सोपा मार्ग घेतला नाही. चुलीवरची भाकर निवडली. कारण भाकरीला हात असतो आणि त्या हाताला नाव असते.

आमची आजी आज असती तर नानकटाईस बहुधा तिने हरकत घेतली नसती. वड्यांचे मात्र तिने पहिल्याने आडनाव विचारले असते. आम्ही आजीहून किती पुढे आलो हे आम्हांस ठाऊक नव्हते, म्हणून परवा त्या तरुणास म्हणालो, "सोमवारी आईच्या हातच्या वड्या घेऊन या. सर्वांसाठी आणा." तो हसला, काही बोलला नाही.

सोमवारी त्याने पितळी डबा आणला. चहाच्या वेळी तो मेजाच्या मध्यावर उघडून ठेवला आणि कोणाच्या घरच्या हेही मोकळेपणाने सांगितले. आम्ही पहिली वडी उचलली. सायंकाळी डबा परत गेला तेव्हा तळाशी पाच वड्या शिल्लक होत्या. त्या दिवशी कचेरीत सर्वजण हजर होते.